परसदार नसलेलं नाट्यगृह

सिडनी ऑपेरा हाउसला मागची बाजू नाही. तीन बाजूंना बंदराचं पाणी, चौथीकडे शहर. फेरीबोटीतून पाहा, हार्बर ब्रिजवर चढून पाहा, पलीकडच्या किरिबिलीच्या काठावर उभं राहून पाहा. जिथून पाहाल तिथून समोरची बाजूच दिसते. आसपासच्या उंच इमारतींतून तर नुसतं छप्पर दिसतं, म्हणून छपरालाही दर्शनी भिंतीइतकंच नटवावं लागलं.

आता नाट्यगृह म्हटलं की त्याला मागची बाजू लागतेच. तिथे टेम्पो लागतो, सेट उतरतो, भिंतीला टेकवलेले जुने फ्लॅट पावसात फुगत पडलेले असतात. प्रयोग रंगला की पडला, हे पुष्कळदा समीक्षकांच्या आधी मागच्या दाराशी उभ्या असलेल्या चहावाल्याला कळतं. हौशी रंगभूमीवर माझी बरीच वर्षं पडद्यामागे फ्लॅट उभे करण्यात आणि पाडण्यात गेली, त्यामुळे नाट्यगृह मागच्या दारानेच पाहावं, ही माझी खोड आहे. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘छप्पर’ असा दिला आणि सिडनीला जातेच आहेस तर ते कॅलेंडरावरचं छप्पर बघून ये, असं सुचवलं. भाची परामाटाच्या बाजूला राहते. तिने आधीच सांगून टाकलं, “मावशी, तासाभरात होतं गं बघून. बाहेरूनच छान दिसतं.” ‘दिल चाहता है’ बघत वाढलेली ती पिढी, तिच्या लेखी ते छप्पर म्हणजे फोटोमागचा पडदा. मला एकच विचारायचं होतं. इथे टेम्पो कुठे लागतो?

अंगणाखालची वखार

पडद्यामागची टूर सकाळी सातला सुरू होते. आठ-नऊनंतर रंगमंचांचा ताबा कामगारांकडे जातो, तो दिवसभर सुटत नाही. त्याआधी जेवढं बघायचं तेवढं बघून घ्यायचं. बंद बूट सक्तीचे, बऱ्याच ठिकाणी फोटोला मनाई, आणि तीनशेच्या वर पायऱ्या चढण्या-उतरण्याची तयारी हवी. आमचा वाटाड्या उत्साही गृहस्थ होता. लोकांना छपराच्या कथा ऐकायच्या असतात हे ओळखून तो त्या पटापट उरकत होता आणि तळघरात शिरलं की खुलत होता. माझं आणि त्याचं लगेच जमलं.

टेम्पोचं उत्तर जमिनीखाली आहे. इमारतीपुढे जे विस्तीर्ण अंगण आहे, जिथे दिवसभर पर्यटक आणि लग्नाचे फोटो काढणारी जोडपी फिरत असतात, त्याच्या खाली बोगदा आहे. ट्रक बोगद्यातून उतरतात आणि इमारतीच्या पोटातल्या धक्क्याला लागतात. सेट, पियानो, कपड्यांच्या पेट्या, उपाहारगृहांचा भाजीपाला, सगळं तिथेच उतरतं. ही सोय मात्र मूळची नाही. ती २०१५ मध्ये पुरी झाली, आणि तिला पंधरा कोटी डॉलरच्या वर खर्च आला. म्हणजे उद्घाटनानंतर चाळीसेक वर्षं ट्रक याच अंगणातून, गर्दीतून वाट काढत जात-येत होते. परसदार काढायला इतकी वर्षं लागली, आणि तेही खणून काढावं लागलं.

धक्क्यावरून माल रंगमंचावर कसा जातो, हे समजायला इमारतीचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. साधारणपणे दोन मोठी प्रेक्षागृहं एकाच जागी बसवायची तर एकापाठोपाठ एक मांडतात. वास्तुकार यॉर्न उट्झनने ती शेजारी शेजारी ठेवली, दोन्हींचं तोंड शहराकडे. प्रेक्षक शहराच्या बाजूने रुंद पायऱ्या चढतो, रंगमंचाला वळसा घालून कडेच्या मार्गिकेने पुढे जातो, पार उत्तरेच्या टोकाला काचेच्या दालनात पोहोचतो, समोर बंदर बघतो, आणि मग पाठ फिरवून प्रेक्षागृहात येऊन बसतो. माणसाला नाटकापर्यंत नेण्याची इतकी देखणी वाट मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पण तिची किंमत रंगमंच मोजतो. डावी-उजवीकडची जागा या वाटेने खाल्ली, आणि विंगा नावापुरत्या उरल्या.

म्हणून इथे सेट कडेने येत नाही, खालून येतो. तळमजल्यावर सामान जुळवायचं आणि मोठमोठ्या लिफ्टांनी अख्खंच्या अख्खं वर चढवायचं. आपल्याकडे १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर आलं, तेव्हा प्रेक्षक त्या फिरण्यालाही टाळ्या देत होते. इथली हालचाल वर-खाली, आणि ती कुणाला दिसत नाही. रिकाम्या रंगमंचाच्या कडेला उभं राहून मी खाली वाकून पाहिलं, तर खालच्या मजल्यावर कुठल्याशा ऑपेरातला अर्धा जिना आणि एक दिवाणखाना चढायची वाट बघत होते. दोन-तीन वेगळे प्रयोग आलटून पालटून चालू असतात. दुपारी एक, रात्री दुसरा. मधल्या वेळात एक सेट खाली जातो, दुसरा वर येतो.

विंगा तोकड्या, याचा सगळ्यात जास्त त्रास बॅलेवाल्यांना. नर्तक उडी घेत रंगमंचाबाहेर जातो तेव्हा त्याला थांबायला जागाच नसते, पलीकडे भिंत. मग त्याला झेलायला विंगेत माणसं उभी करतात, असं वाटाड्याने सांगितलं. प्रेक्षकांना दिसतो तो हवेत तरंगत गेलेला राजपुत्र. तो उतरतो काळे कपडे घातलेल्या दोन दणकट माणसांच्या हातांत.

गोलाची फाक

बाहेर येऊन छपराला हात लावता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. काही कमानी पार पायथ्यापर्यंत उतरल्या आहेत. जवळून पाहिलं की कळतं, छप्पर पांढरंशुभ्र नाहीच. काही फरशा चकचकीत पांढऱ्या, काही बिनचमकीच्या दुधाळ, आणि दोन्हींची मिळून बाणाच्या टोकासारखी नक्षी. सगळंच चकचकीत असतं तर ऑस्ट्रेलियाच्या उन्हात नजर ठरली नसती. स्वीडनमधल्या होगानासच्या कारखान्यात या फरशा घडवायला तीन वर्षं प्रयोग चालले होते. एकूण फरशा १०,५६,००६. वर चढून कुणी एकेक चिकटवत बसलं नाही. जमिनीवरच साच्यात पालथ्या मांडून मागून काँक्रीट ओतलं, आणि अशी तयार झालेली ४,२२८ झाकणं उचलून छपरावर बोल्टांनी बसवली.

पण या फरशा बसवायच्या तर खालचा आकार आधी ठरायला हवा, आणि घोळ तिथेच होता. १९५७ च्या जानेवारीत स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा २३३ प्रवेशिकांतून निवड झाली ती अडतीस वर्षांच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या उट्झन या डॅनिश वास्तुकाराची. वडील जहाजांचे आराखडे करणारे. ही जागा त्याने पाहिलेली नव्हती. समुद्री नकाशे आणि छायाचित्रं पुढ्यात ठेवून त्याने चित्रं काढली. ती चित्रंच होती, हे महत्त्वाचं. त्या वाऱ्याने फुगलेल्या शिडांना भूमितीचा एकच असा नियम नव्हता. प्रत्येक कमान वेगळी, म्हणजे प्रत्येकीला वेगळा साचा, म्हणजे खर्चाला अंत नाही.

अभियंता ओव्ह अरुपच्या कचेरीत वर्षानुवर्षं आकडेमोड चालली. तेव्हा नवलाईचे असलेले संगणकही कामाला लावले. १९६१ च्या सुमाराला तोड निघाली: सगळी कवचं एकाच गोलातून कापून काढायची. सुमारे ७५ मीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोल धरा आणि संत्र्याच्या फाका काढाव्यात तशा लहान-मोठ्या फाका त्यातून काढा. फाक कितीही मोठी असो, तिच्या पाठीचा बाक एकच. बाक एक म्हणजे साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात. ही युक्ती आधी नेमकी कुणाला सुचली, यावर उट्झनची बाजू घेणारे आणि अरुपची बाजू घेणारे अजून भांडतात. मला त्यात रस नाही. अरुपच्या माणसांनी इतकी वर्षं पाटी पुसून पुसून लिहिली नसती, तर सुचून उपयोग काय झाला असता?

मग काँक्रीटचे २,१९४ तुकडे जागेवरच ओतले, काही पंधरा टनांपर्यंतचे. ते एकावर एक रचून, डिंकासारख्या रसायनाने जोडून, आतून पोलादी तारा ओवून ताणले. त्या तारांची लांबी भरते ३५० किलोमीटर. हे काम करणाऱ्यांत युद्धानंतर युरोपातून आलेले स्थलांतरित पुष्कळ होते. आणि या जागेवरचं पहिलं गाणं झालं ते त्यांच्यासाठीच. नोव्हेंबर १९६० मध्ये, छपराचा पत्ता नसताना, अमेरिकी कृष्णवर्णीय गायक पॉल रॉब्सन इथे आला आणि जेवणाच्या सुट्टीत परांच्यांवर चढून बसलेल्या कामगारांपुढे गायला. राणीच्या हस्ते उद्घाटन व्हायला अजून तेरा वर्षं होती.

या बांधकामातला सगळ्यात न पटणारा भाग म्हणजे घाई. मुख्यमंत्री जोसेफ काहिल यांना भीती होती की उशीर झाला तर पुढचं सरकार हा खेळ मोडून टाकेल. म्हणून छपराचं कोडं सुटायच्या दोन वर्षं आधी, मार्च १९५९ मध्ये, खालच्या चौथऱ्याचं काम सुरू झालं. वरचं वजन किती येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढे ते कळलं तेव्हा खालचे उभे केलेले खांब सुरुंग लावून पाडावे लागले आणि पुन्हा जाडजूड बांधावे लागले. काहिल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले. त्यांनी घाई केली नसती तर चौथरा एकदाच बांधून झाला असता, हे खरं. ऑपेरा हाउसही बहुधा झालं नसतं, हेही खरं.

लॉटरीचा पैसा

सरकारी तिजोरीतून एवढा पैसा काढणं काहिल यांना परवडणारं नव्हतं. त्यांच्या मजूर पक्षाच्या मतदारांना ऑपेराशी काय देणंघेणं! म्हणून खास लॉटरी काढली. तिकीट महाग, पहिलं बक्षीस एक लाख पौंडांचं. जवळजवळ सगळा खर्च या सोडतींतून निघाला. अंदाज होता सत्तर लाख डॉलर आणि १९६३ चा मुहूर्त. प्रत्यक्षात लागले १० कोटी २० लाख डॉलर, आणि पडदा वर गेला १९७३ मध्ये.

या लॉटरीला एक काळी बाजू आहे, ती टूरमध्ये सांगत नाहीत. विजेत्यांची नावं आणि पत्ते तेव्हा वर्तमानपत्रांत छापून येत. १९६० मध्ये अशाच एका विजेत्याच्या आठ वर्षांच्या मुलाला खंडणीसाठी पळवलं आणि मारून टाकलं. त्यानंतर नाव न छापण्याची मुभा विजेत्यांना मिळू लागली.

जागा बदललेले पाहुणे

आता या इमारतीची मुख्य भानगड. तिचं नाव ऑपेरा हाउस, पण ऑपेरा तिच्या मोठ्या प्रेक्षागृहात होत नाही.

मूळ बेत असा, की मोठ्या प्रेक्षागृहात ऑपेराही होईल आणि सिम्फनीही. या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही. सिम्फनीला आवाज घुमत राहायला हवा, दोन सेकंदांच्या आसपास. ऑपेराला शब्द कळायला हवेत, म्हणजे घुमणं कमी हवं. ऑपेराला रंगमंचावर उंच मनोरा हवा, पडदे आणि देखावे वर ओढून घ्यायला. सिम्फनीला त्या मनोऱ्यात आवाज हरवून जायला नको. दोघांना एका घरात नांदवण्याचं गणित उट्झन सोडवत होता, की ते सुटणारंच नव्हतं, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. तेवढ्यात १९६५ ची निवडणूक झाली, सरकार बदललं. नवे बांधकाममंत्री डेव्हिस ह्यूज यांनी पैशांचा हात आखडता घेतला, नकाशे मागितले, बिलं अडवली. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उट्झनने राजीनामा दिला. लोक रस्त्यावर उतरले, त्याला परत बोलवा म्हणून मोर्चा निघाला. तो कुटुंबासह देश सोडून गेला तो गेलाच. पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच पाहिली नाही.

त्यानंतर सरकारी नभोवाणीच्या वाद्यवृंदाने आपला आग्रह पुढे रेटला: आम्हाला मोठं प्रेक्षागृह हवं, आणि ते फक्त संगीताचं. ते मान्य झालं. मोठ्या रंगमंचाखाली व्हिएन्नाच्या कंपनीकडून आणवलेली अवजड यंत्रणा तोवर बसवून झाली होती. ती उखडून काढली. ऑपेराची रवानगी शेजारच्या लहान प्रेक्षागृहात. गंमत बघा. सगळ्यात उंच कवच एवढं उंच झालं ते ऑपेराच्या रंगमंचाचा मनोरा त्याखाली झाकायचा म्हणून. मनोरा गेला, उंची राहिली. आज त्या पोकळीत दहा हजारांवर नळ्यांचा पाइप ऑर्गन आहे.

लहान प्रेक्षागृहाला आता ऑपेरागायिका जोन सदरलँडचं नाव आहे. खुर्च्या १,५०७. वादकांचा खड्डा इतका अरुंद की त्याचा बराच भाग रंगमंचाच्या खाली सरकवलाय. सत्तरेक माणसं कशीबशी बसतात आणि आवाज तिथेच कोंडतो. वाटाड्याने आम्हाला त्या खड्ड्यात उतरवलं. पितळी वाद्यांच्या पुढ्यातली खुर्ची दाखवून त्याने नुसता कानावर हात ठेवला. २०१२ मध्ये कॉर्नगोल्डचा ‘डी टोटे श्टाट’ करायचा ठरला, त्याला लागणारा वाद्यवृंद खड्ड्यात मावेना. मग वादकांना इमारतीतल्या दुसऱ्याच दालनात बसवलं आणि त्यांचा आवाज तारेने प्रेक्षागृहात आणला. गायक इथे, साथ तिथे. ऑपेरा ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये वाग्नरचा चार रात्रींचा ‘रिंग’ उभा केला तो मेलबर्नला. देशाच्या नाण्यांवर आणि टपाल तिकिटांवर झळकलेलं ऑपेरा हाउस आपलं, आणि सगळ्यात मोठ्या ऑपेरासाठी गाठोडं बांधून दुसऱ्या शहरात जायचं!

खड्ड्यावर जाळी ताणलेली आहे. का, तर फार पूर्वी एका ऑपेरात खरी कोंबडी रंगमंचावर आणली होती, ती भेदरून खाली चेलोवादकाच्या अंगावर पडली. ही गोष्ट खरी की टूरपुरती, कोण जाणे. जाळी मात्र खरी आहे.

दुसरा माणूस

उट्झनच्या कहाणीला सगळं आहे: प्रतिभा, अपमान, वनवास, आणि शेवटी मान. १९९९ मध्ये व्यवस्थापनाने त्याच्याशी पुन्हा संधान बांधलं. त्याने आपल्या वास्तुकार मुलाच्या मदतीने दूर युरोपात बसून पुढच्या कामांसाठी तत्त्वं लिहून दिली. २००३ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळालं, २००४ मध्ये त्याच्या नावाचं दालन उघडलं, २००७ मध्ये इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली. २००८ मध्ये तो गेला. संपूर्ण इमारतीत त्याने स्वतः आखलेलं आतलं दालन ते एकच. लांबट, साधं, एका भिंतीवर त्याच्याच चित्रावरून विणलेला भला मोठा पडदा, दुसरीकडे पाणी. सुंदर आहे, वाद नाही.

माझं मन मात्र पीटर हॉलकडे ओढलं जातं. उट्झन गेल्यावर सरकारने ज्यांना काम सोपवलं त्यांतला हा मुख्य आराखडाकार. वय चौतिसाच्या घरात. उट्झनला परत आणा या अर्जावर त्याचीही सही होती. त्याच्या हातात आली ती बाहेरून जगप्रसिद्ध आणि आतून रिकामी इमारत, वर मध्येच बदललेली मागणी, आणि अर्ध्या व्यवसायाचा रोष. काही मित्रांनी तोंड फिरवलं. त्याने देशोदेशीची प्रेक्षागृहं पाहून आतला भाग नव्याने आखला. उत्तरेच्या टोकाला बंदरावर झुकलेल्या त्या काचेच्या भिंती, ज्यांच्याशी उभं राहून प्रत्येक जण फोटो काढतो, त्या त्याच्या काळातल्या. काच फ्रान्सहून आणवली. आकार इतके वेगवेगळे की तावदानं मोजूनमापूनच कापावी लागली. मोठ्या प्रेक्षागृहातलं ब्रश बॉक्सचं तांबूस लाकूड आणि छताचं फिकट बर्चचं लाकूड, तेही त्याचंच. हॉल १९९५ मध्ये वारला. त्याच्या नावाचं दालन मला तरी कुठे दिसलं नाही.

लहान प्रेक्षागृहाच्या आवाजाबद्दल त्याला दोष देणारे पुष्कळ भेटतात. मला विचाराल तर दुसऱ्याने अर्ध्यावर टाकलेलं नाटक तालमींविना उभं करणाऱ्या दिग्दर्शकाला प्रयोग जमला नाही म्हणून झोडण्यापैकी आहे हे.

पाकळ्या

मोठ्या संगीतगृहाचंही सगळं आलबेल नव्हतं. छत इतकं उंच की वर गेलेला आवाज वादकांकडे वेळेत परत येत नसे. मागे बसलेल्याला पुढच्याचं ऐकू येईना. तोडगा म्हणून हॉलच्या काळात वादकांच्या डोक्यावर पारदर्शक ॲक्रिलिकची मोठी कडी टांगली. पंचेचाळीसेक वर्षं त्यावर निभावलं. वाद्यवृंदचालक कुरकुरत राहिले.

फेब्रुवारी २०२० मध्ये संगीतगृह बंद करून आतून उलगडायला घेतलं. जगात टाळेबंदी लागली आणि इथलं काम चालूच राहिलं. तोवर सिडनी सिम्फनीने आपला बाडबिस्तारा टाउन हॉलमध्ये हलवला होता. जुलै २०२२ मध्ये पडदा उघडला तेव्हा कड्यांच्या जागी गडद गुलाबी रंगाच्या अठरा पाकळ्या लटकत होत्या. त्या यंत्राने वर-खाली होतात. एकल पियानोला एक उंची, मोठ्या वाद्यवृंदाला दुसरी. रॉक बँड आला तर पाकळ्या वर आणि भिंतींवरून जाड पडदे खाली, म्हणजे ध्वनिवर्धकांचा आवाज घुमत बसत नाही. रंगमंचही खाली घेतला, त्यामुळे पुढच्या रांगेतल्याला आता बुटांऐवजी वादकांचे चेहरे दिसतात. आम्ही गेलो तेव्हा एक तंत्रज्ञ एकटाच पाकळ्या हलवून बघत होता. वाटाड्याने आम्हाला मागे उभं केलं आणि तो रंगमंचावरून नेहमीच्या आवाजात बोलला. शब्द न् शब्द पोहोचला. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसून नाटकं ऐकलेल्या बाईला याचा हेवा वाटणारच.

या एवढ्या कामासाठी लाकडाच्या एका फळीला हात लावायचा तरी परवानग्यांचे डोंगर उपसावे लागतात, कारण वास्तू वारसा यादीत आहे. तरीही लावला. वारसा म्हणजे काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू, असा समज इथे दिसला नाही. जिथे रोज रात्री तिकिटं विकायची आहेत तिथे तो परवडतही नाही.

खायचा सोडा आणि ऑलिव्हचं तेल

देखभालीच्या गोष्टी मला सगळ्यात आवडल्या. काँक्रीट तीव्र रसायनांनी धूत नाहीत. खायच्या सोड्याने साफ करतात. पितळी-कांस्याच्या कठड्यांना ऑलिव्हचं तेल चोपडतात. छपरावर दोरांनी उतरणारे कामगार फरशांवर लहान हातोडीने टकटक करत जातात. बद्द आवाज आला की फरशी सुटलीय असं समजायचं. थंडाव्यासाठी बंदराचं पाणी ओढून घेतात आणि त्याचा गारवा कित्येक किलोमीटरच्या नळांतून खेळवतात, म्हणून या इमारतीवर वातानुकूलनाचे मनोरे नाहीत. परसदार नाही म्हटल्यावर ते ठेवणार कुठे?

उत्तरेच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, बड्या पाहुण्यांच्या बोटींसाठी. त्यावर गेली काही वर्षं एक समुद्री सील येऊन ऊन खात पडतो. त्याचं नाव बेनी. हे टोक बेनेलाँग पॉइंट, त्यावरून. गडिगल लोक या जागेला ट्युबोगुली म्हणत. इथे त्यांनी पिढ्यान् पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग होते. इंग्रज आले, त्यांना बांधकामाला चुना हवा होता, त्यांनी ते शिंपले भट्टीत घातले. बेनेलाँग हा शेजारच्या वांगल लोकांपैकी. आधी पकडून आणलेला, मग गव्हर्नर फिलिपचा दुभाषा-मित्र झालेला. त्याला १७९० मध्ये इथेच विटांची झोपडी बांधून दिली होती. पुढे त्या जागी किल्ला आला, मग ट्रामचं आगार, मग हे.

विंगा

त्या रात्री ‘ला बोएम’ पाहिला. वरच्या बाजूची खुर्ची, खड्डा निम्मा दिसत होता. पहिल्या अंकात एक गळकी माळ्यावरची खोली, दुसऱ्यात पॅरिसमधला भर बाजार. एरवी मी नायिका मिमीच्या स्वरात हरवले असते, पण सकाळी तळघर पाहिल्याचा परिणाम असा, की माझं सगळं लक्ष जमिनीकडे. तंतुवाद्यं दाट आणि जवळून येत होती, तुताऱ्या मात्र दुसऱ्या खोलीतून आल्यासारख्या. भाची पहिल्यांदाच ऑपेराला आलेली. तिला यातलं काही जाणवलं नाही, ती शेवटी रडली. मी तिला काही बोलले नाही.

घरी जाताना ट्रेनमध्ये ती तिच्या मराठी नाटकवाल्या मंडळींबद्दल सांगू लागली. उपनगरातल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन वर्षाकाठी एखादं दोन अंकी नाटक बसवतात. शनिवार-रविवारच्या तालमी, पुण्या-मुंबईहून मागवलेली संहिता, सेट चार गाड्यांच्या डिकीत मावेल एवढाच. मी सवयीने विचारलं, विंगा कशा आहेत?

“विंगा कुठल्या, मावशी? डावीकडे भिंत आणि उजवीकडे बास्केटबॉलची जाळी.”

मग नट एका बाजूने जाऊन दुसरीकडून कसा येतो?

बाजूच्या दाराने बाहेर पडतो, म्हणाली, पार्किंगला वळसा घालतो आणि स्वयंपाकघरातून आत येतो. मागच्या वर्षी तिची सासूची भूमिका होती. दुसऱ्या अंकाला पाऊस आला. नऊवारीचा ओचा वर खोचून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पूजेचं तबक घेऊन ती पार्किंगमधून पळत सुटली. गाडी लावत असलेल्या शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजोबांनी आदबीने थांबून तिला वाट दिली. एंट्री अर्ध्या मिनिटाने चुकली, सुनेने तोवर उगाचच दोनदा चहा विचारून वेळ काढला. यंदाच्या नाटकात तिने दिग्दर्शकाला आधीच बजावलंय: मला एकदा रंगमंचावर आणलंस की परत बाहेर काढायचं नाही.